विद्येचा वक्फ, विद्येचा बाजार

श्रीगोंदे हे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे तालुक्याचे गाव. जुन्या कागदांत ते चांभारगोंदे म्हणून भेटते. महादजी शिंद्यांच्या घराण्याशी त्याचा जुना संबंध आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्टेशन आहे. घोड आणि कुकडीचे पाणी आल्यावर इथे ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले. पण मराठी मुसलमानाला हे गाव आपले वाटते ते वेगळ्या कारणाने. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद इथले. सोळाव्या-सतराव्या शतकात एका मुसलमानाने मराठीत ओवी लिहिली, आणि वारकऱ्यांनी त्याला संतमालिकेत मानाचे स्थान दिले. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांची कविता संपादित करून छापली, तेव्हा नव्या वाचकालाही ती उपलब्ध झाली.

शेख महंमदांविषयी लिहिताना आपण बहुधा हिंदू-मुस्लिम ऐक्यापाशी थांबतो. ते योग्यच आहे. पण आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. या माणसाला शिकवले कुणी, आणि त्याचा खर्च कुणी उचलला? परंपरा सांगते की त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी सूफी परंपरेतले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य. परंपरा असेही सांगते की मालोजीराजे भोसल्यांनी शेख महंमदांना गुरू मानले आणि श्रीगोंद्यात मठासाठी जमीन करून दिली. यातला तपशील इतिहासकारांनी तपासावा. पण व्यवस्था कशी होती ते यातून स्पष्ट दिसते. गुरूने विद्येची किंमत सांगितली नाही, शिष्याने ती मोजली नाही. ज्याच्याकडे सत्ता होती त्याने जमीन दिली, त्या जमिनीच्या उत्पन्नावर मठ चालला, आणि मठाच्या दारी आलेला माणूस फुकट ऐकून, शिकून आणि जेवून गेला.

याच तालुक्यात काष्टी आहे. काष्टीचा जनावरांचा बाजार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बैलाचे दात बघून, चाल बघून, रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची कला आपल्या माणसाला कुणी शिकवायला नको. बाजार ही काही वाईट गोष्ट नव्हे. आपल्यातले बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार पिढ्यानपिढ्या बाजारावरच जगले. तेव्हा बाजार असावा की नसावा हा वाद नाही. कोणती वस्तू बाजारात मांडायची आणि कोणती बाजाराबाहेर ठेवायची, एवढाच प्रश्न आहे. बैल बाजारात जातो, मठ जात नाही. एके काळी हा भेद कुणी समजावून सांगावा लागत नसे.

बाजाराबाहेर, पण कुणासाठी?

इस्लामी परंपरेत या भेदाला एक नाव आहे, वक्फ. मालमत्ता एकदा वक्फ केली की ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. मूळ वस्तू जागेवर राहते आणि तिचे उत्पन्न नेमून दिलेल्या कामी जाते. म्हणजे वक्फ करणारा माणूस एक वस्तू कायमची बाजारातून बाहेर काढतो. मुस्लिम जगातल्या कितीतरी विद्यापीठांचा पाया हाच आहे. कैरोचे अल-अजहर दहाव्या शतकातले. ते शतकानुशतके वक्फच्या उत्पन्नावर चालले. इतक्या दूर जायचे नसेल तर बिदर आपल्या शेजारीच आहे. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये तिथे मदरसा बांधला. विद्यार्थी आणि शिक्षक तिथेच राहत. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटाने त्या इमारतीचा मोठा भाग पडला, तरी उरलेला मिनार आणि त्यावरचे निळे-हिरवे तुकडे आजही पाहता येतात.

पण भूतकाळाचे गोडवे गाऊन आपल्याला थांबता येणार नाही. विद्या बाजाराबाहेर होती याचा अर्थ ती सर्वांची होती असा नाही. पेशवाईत पुण्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. तो पैसा रयतेच्या सारामधून येई आणि ब्राह्मणांच्या पदरात पडे. इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीही या दक्षिणेच्या पैशावरच. मदरशातही शेतमजुराचा किंवा पिंजाऱ्याचा मुलगा किती पोचला आणि मुलगी किती पोचली, हे आपणच आपल्याला विचारलेले बरे.

हे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यांचा मुख्य मुद्दा सर्वांना माहीत आहे. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, हेही त्यांनी नोंदवले होते. पण त्या निवेदनातल्या दुसऱ्या मुद्द्याकडे आपले लक्ष कमी जाते. सरकारने हळूहळू शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावे आणि ती खाजगी संस्थांच्या हाती द्यावीत, असा विचार त्या काळीही जोरात होता. फुल्यांनी त्याला विरोध केला. वरच्या वर्गावर होणाऱ्या उधळपट्टीवर कोरडे ओढणारा हाच माणूस म्हणत होता की सरकारने इतक्यात माघार घेऊ नये. तसे झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि ते कुणा एकाच्या हाती जाईल. म्हणजे उच्च शिक्षण मूठभरांचे आहे म्हणून ते सरकारने सोडून द्यावे, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ते सर्वांचे करावे, असे होते. आज ‘गरिबाच्या करातून श्रीमंताच्या मुलाला स्वस्त पदवी कशाला’ असा युक्तिवाद ऐकू येतो, तेव्हा १८८२ चे हे उत्तर आठवावे.

मूठभर धान्याचे दिवस

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे महाराष्ट्रात जे घडले, ते जगाच्या इतिहासातही सहजासहजी सापडणार नाही. विद्या बाजाराबाहेर राहिली आणि तिचे दारही उघडले. मुंबईत १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. कोल्हापुरात १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले. १९१९ मध्ये काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. गावोगावच्या आयाबायांनी दिलेले धान्य हे त्या संस्थेचे भांडवल होते. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना कॉलेजात गेली. त्याच वर्षी भास्कर पांडुरंग हिवाळे या ख्रिस्ती शिक्षकाने अहमदनगर कॉलेज काढले. जिल्ह्यातल्या कितीतरी मुसलमान पदवीधरांचे ते पहिले कॉलेज. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झाले. औरंगाबादेत १९६३ मध्ये रफीक झकेरियांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज सुरू झाले. श्रीगोंद्यातही रयतचे विद्यालय आले. त्याला महादजी शिंद्यांचे नाव आहे, पण त्याच्या बाकांवर बसली ती रयतेची पोरे.

यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वार्षिक १२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फी माफ झाली. ‘ईबीसी’ ही तीन अक्षरे त्या पिढीला पाठ होती. दाखला आणायचा, अर्ज भरायचा, आणि कॉलेजात बसायचे. दाखला देणारा तलाठी चहा मागत असेल, पण कॉलेज डोनेशन मागत नव्हते. अनुदानाची ही व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. अनुदान देणारा हात ते थांबवूही शकतो. गांधीहत्येनंतरच्या काळात बाळासाहेब खेरांच्या सरकारने रयतचे अनुदान बंद केले, तेव्हा भाऊरावांना पुन्हा झोळी घेऊन गावोगाव फिरावे लागले होते. पण त्या झोळीत ज्यांनी धान्य टाकले, त्यांनी बदल्यात सीट मागितली नाही. आपला मुलगा त्या शाळेत जाणार नाही हे माहीत असूनही त्यांनी मूठ सैल सोडली. आपल्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात. देणारा मेल्यावरही ज्याचे पुण्य वाहत राहते, असे दान.

१९८३

वळण आले ते १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रातली मुले इंजिनियर-डॉक्टर होण्यासाठी कर्नाटकात जाऊन मोठमोठ्या रकमा मोजत होती. आपला पैसा बाहेर जातो, तो इथेच का राहू नये, असा विचार पुढे आला. सरकारकडे नवी कॉलेजे काढायला पैसा नव्हता. मग खाजगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर परवानगी देण्याचा निर्णय झाला. सरकार पैसे देणार नाही आणि संस्था विद्यार्थ्यांच्या फीवर चालेल, असे ठरले.

आपल्याच जिल्ह्यातले लोणी हे या इतिहासाचे उत्तम उदाहरण आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तिथे सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभी राहिलेली ती नवी वाट होती. १९६४ मध्ये तिथे पब्लिक स्कूल झाले. १९८३ मध्ये इंजिनियरिंग कॉलेज आले, १९८४ मध्ये मेडिकल, आणि २००३ मध्ये मेडिकल संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका खेड्यात एवढे होणे लहान गोष्ट नव्हे. दुष्काळी पट्ट्यातल्या मुली घरापासून जवळ राहून इंजिनियर झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. पण याच वाटेवर हळूहळू एक बदल झाला. सहकारी संस्थेत सभासद होता, सार्वजनिक शाळेत विद्यार्थी होता. विनाअनुदानित कॉलेजात गिऱ्हाईक आले. आणि ही वाट जिल्ह्या-जिल्ह्यांत, पुढे तालुक्या-तालुक्यांत पसरली. श्रीगोंदे तालुक्यातल्या बैलबाजाराच्या काष्टीतही पुढे इंजिनियरिंग आणि फार्मसीचे शिक्षण आले. ‘शिक्षणमहर्षी’ हा शब्द मागे पडला आणि ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला. भाषेला असे बदल आधी कळतात.

डोनेशनचा गवगवा इतका झाला की १९८७ मध्ये राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला, डोनेशन टेबलाखालून चालू राहिले. २००१ नंतर नव्या शाळा-कॉलेजांना ‘कायम विनाअनुदानित’ अशी मान्यता मिळू लागली. त्यातला ‘कायम’ हा शब्द फार बोलका होता. आज पैसे नाहीत, उद्या देऊ, असे सरकार म्हणत नव्हते. कधीच देणार नाही असे म्हणत होते. शाळांच्या बाबतीत तो शब्द २००९ मध्ये वगळला गेला, पण तोवर बिनपगारी शिक्षकांची एक पिढी उभी राहिली होती.

आपल्या नावाचे खटले

इथून पुढचा इतिहास न्यायालयात घडला, आणि आपल्या समाजाने तो नीट समजून घेतला पाहिजे. कारण त्यात आपले नाव आहे.

१९९२ मध्ये मोहिनी जैन या मीरतच्या मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. कर्नाटकातल्या मेडिकल कॉलेजात सरकारी कोट्यातल्या जागेला वर्षाला २,००० रुपये फी होती आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला ६०,००० रुपये. न्यायालयाने सांगितले, शिक्षण हा हक्क आहे आणि कॅपिटेशन फी म्हणजे त्याची विक्री. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने मधला मार्ग काढला. निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंटच्या. गरीब हुशार मुलाचा भार पैसेवाल्याने उचलायचा. ही योजना दहा वर्षे चालली.

मग २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात निकाल दिला. शैक्षणिक संस्था चालवणे हा घटनेच्या १९ व्या कलमाखालचा ‘व्यवसाय’ आहे असे न्यायालयाने म्हटले. नफेखोरी नको, पण वाजवी शिल्लक चालेल. उन्नीकृष्णनची योजना रद्द झाली. २००३ मध्ये कर्नाटकातल्या इस्लामिक ॲकॅडमी ऑफ एज्युकेशनच्या खटल्यात फी आणि प्रवेशासाठी समित्या नेमण्याचा आदेश आला. आणि १२ ऑगस्ट २००५ रोजी सात न्यायमूर्तींनी ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. विनाअनुदानित खाजगी कॉलेजांवर, मग ती अल्पसंख्याकांची असोत वा नसोत, सरकारला आरक्षण लादता येणार नाही. एनआरआयसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतील.

पुण्याच्या आझम कॅम्पसमधून हजारो मुसलमान मुले-मुली शिकून बाहेर पडली, हे कुणी नाकारणार नाही. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तो फाळणीच्या जखमा ओल्या असताना दिला आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण या तीन निकालांची साखळी पाहिली की एक गोष्ट खटकते. अल्पसंख्याकांचा हक्क आणि व्यवसायाचा हक्क हे दोन वेगळे धागे एकाच दोरात वळले गेले. भाषा, धर्म, संस्कृती टिकावी म्हणून जो हक्क मिळाला, त्याच्या आधाराने लढल्या गेलेल्या लढाईत फी आणि जागा ठरवण्याची मोकळीकही जिंकली गेली. तिचा सर्वांत मोठा फायदा झाला तो ज्यांचा अल्पसंख्याकांशी काही संबंध नाही अशा शिक्षणसम्राटांना.

पुढे संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती केली. २००६ मध्ये ती अमलात आली आणि खाजगी संस्थांतही आरक्षण ठेवण्याची मुभा राज्याला मिळाली. त्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरली. आता याचा परिणाम पाहा. तांबोळी, पिंजारी, अत्तार, मुलाणी अशा कितीतरी मुस्लिम जातींना महाराष्ट्रात ओबीसी म्हणून मान्यता आहे. त्यासाठी शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. या जातींतल्या मुलाला बिगर-अल्पसंख्याक खाजगी कॉलेजात राखीव जागा मागता येते, पण स्वतःच्या समाजाच्या कॉलेजात ती मागण्याचा कायदेशीर आधार त्याला नाही. दारावरची पाटी आपली असते, पण आत जायचा रस्ता पैशाचा. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि सर्व समाजांत मिळून हे प्रमाण सुमारे सात टक्के आहे. या आकड्यात जे नाहीत, त्यांच्याकडे डोनेशन कुठून येणार?

वक्फचा भाव

बाजाराची भाषा शिक्षणसंस्थांपाशी थांबली नाही. तिने वक्फलाही गाठले. मुंबईत आल्टामाऊंट रोडवर करीमभाई इब्राहीम खोजा अनाथालयाची जमीन होती. अनाथ मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण यासाठी ती ठेवलेली. २००२ मध्ये ट्रस्टने धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने ती सुमारे २१ कोटी रुपयांना एका कंपनीला विकली. आज तिथे ‘अँटिलिया’ उभी आहे. ती जमीन वक्फ होती की नव्हती, व्यवहार वैध की अवैध, हा वाद न्यायालयात गेला. पण कायद्याचा कीस बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच, की अनाथांच्या शिक्षणासाठी बाजारातून बाहेर काढलेली जमीन पुन्हा बाजारात आली.

सच्चर समितीनेही वक्फचा हिशेब मांडला होता. देशात ४ लाख ९० हजारांवर नोंदलेल्या मालमत्ता, सुमारे ६ लाख एकर जमीन, बाजारभावाने किंमत १ लाख २० हजार कोटी, आणि वर्षाचे उत्पन्न केवळ १६३ कोटी. हा आकडा आपण सभा-संमेलनांतून हजारदा ऐकला. तो लाजिरवाणाच आहे. त्यामागे गैरकारभार आहे, अतिक्रमण आहे, नाममात्र भाडे देऊन बसलेले आपले प्रतिष्ठितही आहेत. पण या आकड्याने एक धोकाही आणला. वक्फकडे आपण ‘कमी परतावा देणारी मालमत्ता’ म्हणून पाहू लागलो. विकसित करा, मॉल बांधा, उत्पन्न वाढवा. उत्पन्न वाढवायलाच हवे. पण ते कुणासाठी, हे पहिले वाक्य हिशेबातून गळता कामा नये. ज्या वक्फच्या उत्पन्नातून तालुक्याच्या ठिकाणी मुलींचे एक वसतिगृह चालत नाही, त्याचे उत्पन्न दहापट झाले तरी शिकू पाहणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ते शून्यच.

अनुदान ते कर्ज

केंद्रातही वारे बदलले होते. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारात शिक्षण ही ‘सेवा’ झाली. १९९७ च्या केंद्र सरकारच्या अनुदानविषयक टिपणाने उच्च शिक्षण ‘नॉन-मेरिट’ गटात टाकले. म्हणजे त्याचा लाभ मुख्यतः घेणाऱ्याचा, तर खर्चही त्यानेच करावा. २००० मध्ये पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग परिषदेसाठी मुकेश अंबानी आणि कुमारमंगलम बिर्ला यांनी अहवाल दिला. सरकारने प्राथमिक शिक्षणावर लक्ष द्यावे आणि उच्च शिक्षणात वापरणाऱ्याने पैसे मोजावेत, असे त्यात सुचवले होते. फुल्यांना १८८२ मध्ये ज्या विचाराचा धोका दिसला होता, तो आता देशाचे धोरण होऊ पाहत होता. २०१७ मध्ये ‘हेफा’ ही वित्तसंस्था निघाली आणि केंद्रीय संस्थांना इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज मिळू लागले. कर्ज फेडायचे म्हणजे उत्पन्न हवे, आणि कॉलेजचे हमखास उत्पन्न म्हणजे विद्यार्थ्याची फी.

तालुक्याच्या कॉलेजात हा बदल कसा दिसतो? अनुदानित कॉलेजच्याच आवारात विनाअनुदानित बीबीए, बीसीएचे वर्ग भरतात. मराठी, इतिहास, उर्दू, तत्त्वज्ञान हे विषय ‘विद्यार्थी मिळत नाहीत’ म्हणून आक्रसतात. शेख महंमदांच्या गावातल्या मुलाने ‘योगसंग्राम’ वाचायचा ठरवला, तर तो शिकवणारा प्राध्यापक बहुधा तासिका तत्त्वावरचा असतो. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला हा माणूस तासावर पैसे घेतो. सुटीत त्याला काही नसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत असते. कायम जागा निघालीच तर तिचा ‘भाव’ काय चालला आहे, याची चर्चा चहाच्या टपरीवर उघड होते. ज्याने लाखो रुपये मोजून नोकरी घेतली, तो वर्गात कोणती मूल्ये शिकवणार?

आणि हे सारे करूनही बाजाराने आपले वचन पाळले नाही. गेल्या दशकात इंजिनियरिंगच्या जागा मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या, राज्यातली कितीतरी कॉलेजे बंद पडली. दुकान तोट्यात गेले की दुकानदार शटर ओढतो. मधल्या वर्षात शिकणाऱ्या मुलाने कुठे जायचे, हा प्रश्न दुकानदाराचा नसतो. सार्वजनिक संस्था आणि दुकान यांतला फरक अशा वेळी कळतो. एसटीचेही तसेच आहे. २०२१-२२ च्या दीर्घ संपात खेड्यातल्या मुलींचे कॉलेज सुटले, तेव्हा तोट्यात चालणारी लाल गाडी किती शिक्षण वाहून नेत होती हे समजले. ताळेबंदाच्या कुठल्याच रकान्यात ते लिहिलेले नसते.

याच काळात आपल्या मुलांचे उरलेसुरले आधारही निघाले. २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती थांबली. १९८९ ची मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. महाराष्ट्रात २०१४ च्या अध्यादेशाने मिळालेले मुसलमानांचे पाच टक्के आरक्षण, शिक्षणापुरते उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात रोखले नव्हते. तरी त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश आपोआप संपला. एकीकडे फी वाढली, दुसरीकडे ती भरण्याचे मार्ग बंद झाले. उरले ते शैक्षणिक कर्ज. त्यालाही तारण लागते, जामीनदार लागतो, आणि व्याजाच्या प्रश्नावर आपल्यातली अनेक घरे बँकेच्या पायरीवरूनच परत फिरतात.

हिशेब कुणी मागायचा?

सरकारकडे मागणी करणे आवश्यकच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे. आपल्या कितीतरी मुली यात बसतात. जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला वेळेत काढून देणे, ही आज तालुक्यातल्या कार्यकर्त्याची मोठी समाजसेवा ठरेल. ‘ईबीसी’च्या पिढीने हे केले होते.

पण काही हिशेब आपण आपल्याच माणसांकडे मागायचा आहे. अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करावे, की आपल्या समाजातल्या किती मुलांना प्रवेश दिला, त्यांत ओबीसी मुस्लिम किती, खेड्यातून आलेले किती, आणि फी माफ झालेले किती. कायदा सक्ती करत नसेल तर स्वेच्छेने मुस्लिम ओबीसींसाठी जागा ठेवाव्यात. शिक्षकांना पूर्ण पगार द्यावा. वक्फच्या प्रत्येक मुतवल्लीने वाढलेल्या भाड्यातला किती वाटा शिक्षणाकडे जातो, ते जमातीसमोर वाचून दाखवावे. यात कुणाच्या हक्काला धक्का लागत नाही. उलट, उद्या सरकार किंवा विरोधक ३० व्या कलमावर बोट ठेवतील, तेव्हा या संस्था कुणासाठी आहेत हे दाखवणारा कागद आपल्या हातात असेल. आज तो कागद क्वचितच कुणाकडे आहे.

श्रीगोंद्यातल्या ज्या मठाला जमीन मिळाली, तो मठ शेख महंमदांच्या वंशजांना श्रीमंत करण्यासाठी नव्हता. रयतच्या झोळीत पडलेले धान्य भाऊरावांच्या घरच्या कोठीसाठी नव्हते. देणाऱ्याने ते आपले मानले नाही, घेणाऱ्यानेही मानले नाही. म्हणून ते पुढच्या मुलापर्यंत पोचले. आज आपल्या संस्थांचे विश्वस्त, प्राचार्य आणि आपण पालक हे पुढच्या मुलाचे काहीतरी सांभाळत आहोत, की आपल्या मुलापुरते विकत घेत आहोत, हे दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत ठरते. ज्या घरातला मुलगा त्या रांगेत उभाच राहू शकत नाही, त्याच्या वतीने हा हिशेब मागितला गेला पाहिजे.